जादूघरातली काळी गोटी

कात्रक डॉक्टरांची गाडी आमच्या दुकानासमोर येऊन थांबली, पण डॉक्टर काही उतरले नाहीत. एरवी हा माणूस गाडी पुरती थांबायच्या आत दार उघडून एक पाय बाहेर टाकणारा. आबा दिव्याखाली कोकराचं पांढरं कातडं मांडीवर घेऊन बसले होते. त्याची कड शिवायचं काम चाललं होतं. मी त्या संध्याकाळी दवाखाना लवकर बंद करून नुसताच दुकानाच्या फळीवर येऊन बसलो होतो, आणि कशाची वाट बघतोय हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"उतरत का न्हाईत डाक्टर?" आबांनी मान वर न करता विचारलं.

मी गाडीपाशी गेलो. डॉक्टरांनी हातातली टोपी मांडीवर ठेवली होती आणि ते तिच्याकडेच बघत होते.

"निवृत्ती, एक काळी निघाली," ते म्हणाले. "बाकी सगळ्या पांढऱ्या. पण आमच्यात एक पण पुरते."

डॉक्टर मग उतरले, दुकानात आले आणि आबांच्या समोरच्या ठेंगण्या पाटावर आपला तो भला मोठा देह कसाबसा टेकवून त्यांनी आबांना सगळं सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं. सुई कातड्यात खोचून ठेवली, कातड्याची घडी घातली आणि ते म्हणाले, "ठिऊन देतो. कातडं काय, नीट ठिवलं तर ऱ्हातंय. डोळ्यांचं तेवढं सांगता येत न्हाई."

आबांना काचबिंदू होता. डोळ्यांचे डॉक्टर कात्रकच, आणि त्यांनी मला बाजूला घेऊन आधीच सांगितलं होतं की गेलेली नजर परत यायची नाही, आहे ती किती टिकेल हे देवाला विचार. म्हणून ते कातडं मांडीवर होतं. मी ते कमरेला बांधलेलं बघायचं, एवढी एकच हौस म्हाताऱ्यानं धरली होती, आणि ती दिसतंय तोवरच फिटणार होती.

हे साठ-एकसष्ट सालातलं नगर. छावणीच्या रस्त्याला, चिंचांच्या मागे, फ्रीमेसन मंडळींचं लॉज होतं. लॉज म्हणजे राहायची-जेवायची सोय नव्हे. इंग्रज साहेबांनी आपल्या सोयीसाठी सुरू केलेली ती एक सभा होती, तिला नाव होतं सीना लॉज, आणि साहेब गेल्यावर ती गावातल्या डॉक्टर, वकील, व्यापारी, लष्करी अधिकारी अशा लोकांच्या हाती आली होती. गाव मात्र तिला जादूघर म्हणायचं. आत मुडद्याची कवटी ठेवतात, नव्या माणसाला डोळे बांधून विहिरीवर उभा करतात, दारात नागवी तलवार घेतलेला राखणदार असतो, असं सगळं गावाला पक्कं ठाऊक होतं. त्यातलं तलवारीचं खरं होतं. ती एका पेन्शनर हवालदाराच्या हातात असायची आणि सभा लांबली की तो तिच्यावर हनुवटी टेकून डुलक्या काढायचा. बाकी आत काय चालतं ते मी सांगणार नाही, कारण न सांगण्याची शपथ घेतली आहे. शिवाय सांगून टाकलं तर गावाची फार निराशा होईल.

एवढं मात्र सांगता येतं, कारण ते त्यांनी कधी लपवलेलं नाही. हा सगळा प्रकार मूळचा विलायतेतल्या पाथरवटांचा. दगड घडवणारे लोक कामावर एकत्र यायचे, एकमेकांच्या अडीअडचणीला धावायचे, त्यातून ही मंडळी निघाली असं मानतात. म्हणून त्यांची खूण गुण्या आणि कंपास, आणि म्हणून भलाभला माणूस आत जाताना कमरेला कामगाराचा एप्रन बांधतो. आत टेबलावर गीता, कुराण, बायबल, अवेस्ता अशी सगळी पुस्तकं शेजारी शेजारी असतात आणि ज्यानं त्यानं आपापल्या पुस्तकावर हात ठेवून शपथ घ्यायची. आत गेलं की धर्माची आणि राजकारणाची चर्चा बंद. एकमेकांना 'बंधू' म्हणायचं. बाजारात डोळ्यांचा मोफत दवाखाना चालायचा तो याच लोकांच्या जिवावर.

आता या कथेतली गंमत अशी, की तो एप्रन कोकराच्या कातड्याचा असतो, आणि नगरात कोकराचं कातडं इतकं मऊ कमावून त्याला सुबक कड घालणारा एकच माणूस होता, तो म्हणजे आमचे आबा, तुळशीराम आगवणे. आम्ही चांभार. आबांचा हात लष्कराच्या बुटांवर आणि खोगिरांवर बसलेला. साहेबांच्या वेळेपासून जादूघराचे सगळे एप्रन आबांनी शिवले. सोवळ्यात जेवणारे लोक आबांचं कातडं पोटाशी बांधून आत जायचे आणि आबा एप्रनचं गाठोडं हवालदाराच्या हाती देऊन पायरीवरून माघारी फिरायचे. त्यांना याचं कधी काही वाटलं असेल तर ते बोलले नाहीत. फक्त मी मुंबईहून जनावरांचा डॉक्टर होऊन आलो, तेव्हा एका रात्री जेवताना म्हणाले, "आत काय करत्यात कुनास ठाऊक. पर सगळे येकच कपडा बांधून जात्यात, एवढं बगितलंय मी."

मी सरकारी दवाखान्यात लागलो. गावाला माझी गरज होती यात शंका नाही. म्हैस अडली की भल्याभल्यांची टांगेवाल्यासकट धावपळ व्हायची आणि मला हाताला धरून न्यायचे. खुर्चीही द्यायचे. फक्त ती गोठ्यात द्यायचे. म्हशीच्या शेजारी बसून मी जितका चहा प्यालो आहे तितका कुणी प्याला नसेल. म्हणून कात्रक डॉक्टरांनी जेव्हा विचारलं की तुझं नाव लॉजमध्ये सुचवू का, तेव्हा मी आढेवेढे घेतले नाहीत. आपल्याला एका घरात तरी पुढच्या दारानं जायला मिळेल असं मला वाटलं. आबांना सांगितलं तर ते उठले आणि त्यांनी माळ्यावरून जपून ठेवलेलं सगळ्यात चांगलं कातडं काढलं. मी म्हणालो, अजून घेतलेलं नाही. ते म्हणाले, माझे डोळे तुमच्या सभेची वाट बघत थांबायचे नाहीत.

नाव सुचवलं की तीन बंधू त्या माणसाच्या घरी जाऊन त्याची चौकशी करतात, अशी रीत आहे. आमच्याकडे कात्रक डॉक्टर आले, एक मेजर आले आणि त्र्यंबकराव देवचक्के वकील आले. वकील लॉजमधले सगळ्यात जुने, नियमांचं पुस्तक तोंडपाठ असलेले, कोर्टातही आणि बाहेरही बेताचं बोलणारे. आईनं चहा केला. डॉक्टरांनी दोन कप घेतले, मेजरांनी एक घेतला. वकील म्हणाले, "माझी आज चतुर्थी." मी जनावरांचा डॉक्टर असलो तरी पंचांग मला वाचता येत होतं. त्या दिवशी षष्ठी होती. आईनं त्यांच्यापुढे केळं ठेवलं, तेही तसंच राहिलं.

मतदान होतं ते गोट्यांवर. एका पेटीत पांढऱ्या गोट्या आणि काळ्या गोट्या. प्रत्येकानं उठायचं, पेटीच्या तोंडात मूठ घालायची, हवी ती टाकायची. कुणाला दिसत नाही. एक काळी निघाली तरी माणूस बाहेर राहतो आणि त्याचं नाव वर्षभर पुन्हा घेता येत नाही. ती कुणाची हे विचारायचं नाही, सांगायचं नाही. मी टाकली नाही असंसुद्धा सांगायचं नाही, कारण सगळेच नाही म्हणाले तर उरलेला आपोआप उघडा पडतो.

ती कुणाची याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. षष्ठीची चतुर्थी करणाऱ्याचीच. कात्रक डॉक्टरांनाही तेच वाटत असावं, पण ते शपथेला बांधलेले. ते नुसतेच सुस्कारा सोडून गाडीत बसायचे.

पुढच्या महिन्यात एक नवल घडलं. कापडबाजारातल्या एका बड्या पेढीचा मुलगा लॉजमध्ये येणार होता. त्याचे वडील, चुलते सगळे आत. मतदान म्हणजे केवळ उपचार. पेटी उघडली तर एक काळी. मंडळींना वाटलं, कुणाचा तरी हात चुकला असेल. त्यानंतर एका कर्नलसाहेबांचं नाव आलं. पुन्हा एक काळी. मग कॉलेजातले एक प्राध्यापक, ज्यांच्याबद्दल नगरात वाईट बोलणारा माणूस शोधून सापडला नसता. त्यांनाही एक काळी. जादूघरात खरोखरच काहीतरी करणी झाली आहे असं आता आतले लोकही म्हणायला लागले.

साहजिकच पहिला संशय कात्रक डॉक्टरांवर गेला. आपला माणूस घेतला नाही म्हणून पारशी बुवा सूड काढतोय, अशी कुजबुज सुरू झाली. डोळ्यांच्या दवाखान्याला मदत करणारे दोघे-तिघे त्यांच्याशी तुटक वागू लागले. डॉक्टरांना नाही म्हणायचीही सोय नव्हती. एकदा मीच भीतभीत विचारायला गेलो, तर त्यांनी मला हातानं थांबवलं.

"विचारू नको, दीकरा," ते म्हणाले. "तू विचारलं आणि मी बोललो तर मी पण गेलो आणि तुझं काम पण गेलं."

इकडे आबांची नजर दिवसेंदिवस आत ओढली जात होती. समोरचं दिसे, बाजूचं दिसेना. दुकानाच्या उंबऱ्याला ठेच लागायला लागली. आरी बोटात जायला लागली. मी काम सोडा म्हणालो की ते हो म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचे. माझा एप्रन त्यांनी फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवला होता. अधूनमधून तो काढून उजेडात धरायचे, पुन्हा ठेवायचे. एका काळ्या गोटीवर म्हाताऱ्याची हौस अडली आहे आणि ती टाकणारा रोज सकाळी आमच्या दुकानावरून कोर्टात जातो, हे मला सोसत नसे. आबा त्यांना रामराम घालायचे. वकील मान हलवायचे आणि झपाझप पुढे जायचे.

वर्ष सरत आलं आणि एक दिवस सगळं गाव हसलं. देवचक्के वकिलांचे जावई प्रभाकर नातू, बांधकाम खात्यातले इंजिनियर, यांचं नाव लॉजमध्ये आलं होतं. सासरे लॉजचे खांब. आणि पेटीतून काळी निघाली. वकिलांचा जावई नापास झाला ही बातमी सकाळपर्यंत दूधवाल्यांपर्यंत पोचली होती. मला वाईट वाटायला हवं होतं. मला वाटलं नाही. उलट त्या दिवशी मी तपासलेल्या सगळ्या म्हशी मला देखण्या दिसल्या.

त्याच्या पुढच्या सभेत देवचक्के उठून उभे राहिले. हे मला कात्रक डॉक्टरांनी सांगितलं, कारण नाव सुचवणं काही गुप्त नसतं. वकील म्हणाले, गेलं वर्षभर या दारातून एकही माणूस आत आलेला नाही. ज्या नावापासून ही गाडी अडली तेच नाव आधी घ्यावं. डॉक्टर आगवणे यांचं नाव कात्रक सुचवतील तर अनुमोदन माझं.

"जावई अडकला, म्हणून सासऱ्याला पाझर फुटला," कात्रक डॉक्टर हसत म्हणाले. मीही हसलो. स्वार्थानं का होईना, खडूस माणूस वाकला म्हणायचा.

मतदान झालं. पेटी उघडली. सगळ्या पांढऱ्या. डॉक्टरांची गाडी दुकानासमोर आली तेव्हा ती थांबायच्या आत त्यांचा पाय बाहेर होता.

मला आत घेतलं तो दिवस पदाधिकाऱ्यांच्या फोटोचाही होता. संध्याकाळी ऊन असतानाच सगळे बंधू एप्रन बांधून पायऱ्यांवर ओळीनं उभे राहिले. नव्या माणसाचा एप्रन कोरा पांढरा असतो, बाकीच्यांच्या कडेला निळी फीत. आबांना कात्रक डॉक्टरांनी मुद्दाम गाडीतून आणलं होतं आणि फोटोग्राफरच्या मागे उभं केलं होतं. फोटोग्राफरनं काळं कापड डोक्यावर घेतलं, तेवढ्यात आबा म्हणाले, "थांबा जरा," आणि सरळ पुढे आले.

त्यांना एवढ्या अंतरावरून कितपत दिसलं कुणास ठाऊक. पण ते पहिल्या पायरीपासून सुरू झाले. एकाचा एप्रन कलला होता तो सरळ केला, दुसऱ्याची गाठ सैल होती ती आवळली, मेजरसाहेबांना म्हणाले, पोट वाढलंय, पुढच्या टायमाला बंद लांब धरतो. मोठमोठी माणसं शाळेतल्या पोरांसारखी निमूट उभी होती. देवचक्के वकिलांपाशी आले तेव्हा वकील जरा मागे सरकले. आबांनी त्यांचाही एप्रन सारखा केला. सगळ्यांत शेवटी माझ्याकडे आले. माझा एप्रन सरळच होता. त्यांनी त्याच्यावरून नुसता हात फिरवला, वरून खाली, कडेकडेनं, आणि म्हणाले, "बसलाय." मग बाजूला झाले आणि फोटो निघाला. आईनं पुढे विचारलं, पोरगा कसा दिसत होता, तर म्हणाले, सगळ्यांसारखा.

नातूंचं वर्ष भरलं तेव्हा तेही आत आले आणि मग लॉजची गाडी नीट चालू लागली. आबा त्यानंतर दोन वर्षांनी गेले. शेवटी शेवटी त्यांना काही दिसत नव्हतं, पण त्याची त्यांनी कुरकूर केली नाही. मी लॉजमध्ये रमलो. डोळ्यांच्या दवाखान्याच्या कामात पडलो, बाजारातल्या वाचनालयाला जागा मिळवायला कात्रक डॉक्टरांबरोबर हिंडलो. दुष्काळात लॉजनं जनावरांची छावणी उघडली तिचा कारभार माझ्याकडे होता. देवचक्क्यांशी माझं नमस्कारापुरतं होतं. त्यांनी जावयासाठी मला अनुमोदन दिलं, त्यात उपकार कसले, असा माझा हिशेब होता.

तो हिशेब मोडला एका कुत्रीनं. नातूंच्या घरी अल्सेशियन कुत्री होती आणि तिची पिल्लं अडली होती. मी सकाळी गेलो, दुपारपर्यंत बसलो, पिल्लं सुखरूप सोडवली. नातूंची बायको कुमुदताई, म्हणजे वकिलांची मुलगी, सगळा वेळ कुत्रीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मग हात धुऊन आम्ही दिवाणखान्यात आलो आणि तिनं चहा ओतला. कप पुढे करता करता हसून म्हणाली, "तुमच्यापायी मी दोन दिवाळ्या माहेरी गेले नव्हते, डॉक्टर. माहीत आहे का?"

मला कळेना. मग तिनं सांगितलं. नातूंनी लॉजसाठी अर्ज केला तेव्हा वकील स्वतः त्यांच्या घरी आले आणि म्हणाले, अर्ज मागे घ्या. नातूंनी कारण विचारलं. वकील म्हणाले, आगवण्यांच्या आधी माझ्या घरातलं कुणी त्या दारातून आत जाणार नाही. जावयाला तो म्हाताऱ्याचा लहरीपणा वाटला. त्यांनी अर्ज मागे घेतला नाही, आणि काळी निघाली.

"गोटी कुणाची ते बाबांनी कधी सांगितलं नाही," कुमुदताई म्हणाली. "सांगायची गरज तरी काय होती? सगळं गाव आम्हाला हसत होतं. मी बाबांशी बोलणंच टाकलं. पुढं तुम्ही आत गेलात, मग हेही आत गेले, तरी माझा राग जायला वेळ लागला. आता वाटतं, बाबांचं बरोबर होतं."

मी चहा तसाच ठेवून उठलो. पेढीचा मुलगा, कर्नल, प्राध्यापक, नातू, सगळे एकामागून एक डोळ्यांपुढे आले. कात्रक डॉक्टरांवरचा तो संशय आठवला. वर्षभर कुणीतरी एकटा माणूस माझ्यासाठी दार धरून बसला होता, पोटच्या मुलीला तोडून बसला होता, आणि मी त्याला मनात शिव्या घालत होतो. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त आनंद झाला. मी तिथून थेट सावेडीच्या रस्त्याला लागलो.

वकील बंगलीच्या ओसरीवर आरामखुर्चीत होते. आता थकले होते, कोर्ट सुटलं होतं. मला बघून सावरून बसले.

"वकीलसाहेब, आभार मानायला आलोय," मी म्हणालो.

"कशाचे?"

"ते मला बोलता येत नाही आणि तुम्हाला ऐकता येत नाही. तेव्हा नुसतेच घ्या."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कुमुदच्या पोटात लहानपणापासून काही राहत नाही."

मी बोलत सुटलो. माझ्यासाठी इतकं कुणी केलेलं नाही म्हणालो. आबांना दिसतंय तोवर मी आत गेलो ते तुमच्यामुळे म्हणालो. एका माणसाचं नाव राहिलं म्हणून सगळ्यांची नावं थांबवणारा माणूस मी पाहिला नाही, असंही काहीतरी म्हणालो. त्यांनी हात वर केला.

"आगवणे, अर्धी साक्ष ऐकून निकाल देऊ नये," ते म्हणाले. "पहिलीही माझीच होती."

ओसरीत दुसरं कुणी नव्हतं. मग ते आपणहून सांगू लागले. शपथ मोडतोय, पण तुमच्यापाशी मोडतोय, असं म्हणाले.

"दुसऱ्या दिवशी तुमचे वडील माझ्या घरी आले. माझा एप्रन दुरुस्तीला टाकला होता तो घेऊन. मला वाटलं होतं तसाच परत पाठवतील. त्यांनी तो नीट शिवून आणला, माझ्या कमरेला बांधून बघितला. त्यांना काही ठाऊक नव्हतं. गाठ मारता मारता म्हणाले, 'पोराला घेतलं न्हाई, साहेब. पर तुमच्यात काय तरी कारण आसंल.'" वकील थांबले. "कारण काहीच नव्हतं, आगवणे. तुम्ही चांभार, एवढंच होतं. रोज कोर्टात दुसऱ्यांच्या खोट्या कारणांचे मी तुकडे करायचो, आणि तुमच्या वडिलांना द्यायला माझ्याकडे खोटंसुद्धा कारण नव्हतं."

"मग उघड का नाही बोललात?" मी विचारलं.

"शपथ आडवी आली. खरं सांगायचं तर भीतीही वाटली. वर्षभर तुमचं नाव घेता येत नव्हतं. म्हटलं, मग तोवर कुणीच आत जायचं नाही. न्यायाला धरून नव्हतं ते. त्या बाकीच्यांनी माझं काय घोडं मारलं होतं? कात्रकांना तर उगाच बोल लागला. पण मला दुसरं सुचलं नाही. आता आभार परत घ्यायचे असतील तर घ्या. मी काही म्हणणार नाही."

राग आला का, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं. मला वाटतं आला असावा, थोडा. पण तो टिकला नाही. कात्रक डॉक्टर माझ्या बाजूचेच होते, त्यांनी माझ्यासाठी केलं यात त्यांच्या मनाला कुठं मोडावं लागलं नव्हतं. या माणसानं मात्र आधी मला बाहेर ठेवलं होतं. मग आबांच्या एका साध्या वाक्यावर तो स्वतःच्या विरुद्ध उभा राहिला, आणि वर्षभर, कुणाला न सांगता, गावाचं हसू आणि मुलीचा अबोला सोसून उभाच राहिला. माझ्या बाजूच्या माणसांनी मला पुष्कळ दिलं आहे. दुसऱ्या बाजूच्या माणसानं उठून माझ्याकडे येणं हे मला आयुष्यात एकदाच मिळालं.

"आभार मी परत घेणार नाही, वकीलसाहेब," मी म्हणालो. "मघाशी अर्धं ऐकून मानले होते. आता सगळं ऐकून मानतो."

त्यांनी मान हलवली. डोळे मिटून घेतले आणि माझ्याकडे हात पुढे केला. मेसन लोकांची हात मिळवायची एक खूण असते, तिच्यावरून बंधू बंधूला ओळखतो. आम्ही वर्षानुवर्षं सभेत ती केली होती. त्या दिवशी ती त्यांनी केली नाही, मीही केली नाही. त्यांनी माझा हात नुसताच हातात घेतला, चांभाराच्या पोराचा, थोड्या वेळापूर्वी कुत्रीची पिल्लं सोडवलेला, आणि दिवेलागण झाली तरी तो सोडला नाही.